सुटलेला डेंगा

डेंगा माझ्या चिमटीत राहिला आणि खेकडा टपकन खाली पाण्यात पडला. एवढंच झालं. वेल्समधल्या स्वान्सीजवळच्या मम्बल्स गावात, ब्रेसलेट बेच्या खडकांत, दुपारी एकच्या सुमाराला, ओहोटी पार तळाला गेलेली असताना. दगड मी उचलला होता, खेकडा मी धरला होता आणि आजीला खेकडा धरता येतो हे नातीला दाखवायची हौसही माझीच होती. पाठीमागून धरायचा, कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोट लावून, म्हणजे नांगी, आमचा डेंगा, मागे पोचत नाही, हे मी तिला सांगतच होते. पण तो ओला होता, शेवाळाने बुळबुळीत होता आणि माझी बोटंही आता पूर्वीची राहिलेली नाहीत. तो फिरला, मी घाईने दुसऱ्या हाताने जे हाती आलं ते पकडलं, आणि हाती आला डेंगा. ओढ बसल्याचं जाणवलंसुद्धा नाही. पिकलेलं पान देठापासून सुटावं तसा तो सुटला. खेकडा कडेकडेने सरकत शेवाळाच्या झुबक्याखाली गेला आणि माझ्या तळहातावर तो हिरवट तपकिरी डेंगा, दोन बोटं अर्धवट उघडी, तसाच पडून राहिला.

नात सहा वर्षांची आहे. तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग शेवाळाकडे. "आजी, त्याला दुखलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांना काही कळत नाही. आणि परत फुटतो तो."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण तो कुठला खेकडा होता?" मी म्हटलं, "बाजारात मिळतो ना मोठा, त्याचंच पिल्लू." तिने मान हलवली आणि घरी जाऊन आईला ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुखत नाही, परत फुटतो, बाजारातल्याचं पिल्लू. तिच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की या तीन गोष्टींतली एकच मला नक्की माहीत होती.

माझं माहेर मालवणच्या बाजूचं. कुर्ल्या आमच्या घरात इतक्या सहज यायच्या की त्या ओळखायला शिकल्याचं मला आठवत नाही. बोलायला कधी शिकले ते कुठे आठवतं? तीन ठिपक्यांची समुद्रातली, पाठीवर क्रूस असलेली, आणि खाडीतली ती काळपट हिरवी, जाड डेंग्यांची. तिचे डेंगे सुंभाने बांधूनच टोपलीत टाकायचे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर मुठे. आई बाजारात बसलेल्या बाईसमोर उकिडवी व्हायची, कुर्ली उचलायची, तळहातावर एकदा तोलायची, मग उलटी करून पोटाकडे पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबायची. अंगठा दबला की कुर्ली परत टोपलीत. नुकतीच कात टाकलेली, आत नुसतं पाणी. नाही दबला की भरलेली. अमावास्येच्या आसपासची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पोटावरची ती झडप निमुळती त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी, आणि मादी म्हणजे गाभोळी मिळण्याची आशा. माझ्या हाताला हे सगळं अजून येतं. या वयातही डोळे मिटून कुर्ली हातात दिली तर ती भरलेली की पोकळ, हे मी सांगेन. त्या दिवशी खडकावर मी ज्या आत्मविश्वासाने बोलले तो तिथून आलेला होता.

पण आईच्या त्या ज्ञानाचं टोक चुलीपर्यंत जाऊन थांबत होतं, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. कुर्ली किती भरलेली आहे हे आम्हांला कळायचं. ती भरतीच्या वेळी कुठे जाते, दिवसभर कुठे बसते, काय खाते, किती वर्षं जगते, यातलं काही कळायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही.

दोन दिवसांनी आम्ही परत तिथेच गेलो. नातीला तो खेकडा शोधायचा होता. खडकांत एक वयस्क बाई वाकून काहीतरी बघत होत्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात काही नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या, दर वर्षी मुलांना घेऊन याच खडकांत येणाऱ्या. नातीने त्यांना इंग्रजीत सगळी हकीकत सांगून टाकली, माझ्या हातातल्या डेंग्यासकट. बाई हसल्या नाहीत. नातीला 'करिअद' म्हणाल्या, म्हणजे वेल्श भाषेत आपल्या 'सोन्या', 'बाळा'सारखं काहीतरी, आणि त्यांनी एक दगड हळूच आपल्याकडे कलता केला. दूर लोटला नाही, आपल्याकडे कलता केला, म्हणजे खालचं जे आहे ते चिरडत नाही. खाली तसाच एक खेकडा होता, रुपयाएवढा. त्यांनी तो पाण्यातच तळहातावर घेतला आणि नातीला म्हणाल्या, दात मोज.

रंगावर जाऊ नकोस, हे त्यांनी सगळ्यांत आधी सांगितलं, आणि मी मात्र रंगावरच गेले होते. हा खेकडा हिरवा असतो, तपकिरी असतो, करडा असतो, पोटाकडे नारिंगी-लालसुद्धा असतो. पिल्लांच्या पाठीवर तर पांढरे ठिगळ असतात, नक्षी असते, दहा पिल्लं शेजारी ठेवली तर दहा जातींची वाटतील. न बदलणारी गोष्ट म्हणजे कवचाची पुढची कड. दोन डोळ्यांच्या मध्ये तीन बोथट उंचवटे. प्रत्येक डोळ्याच्या बाहेर, कडेने खाली उतरत जाणारे पाच टोकदार दात. पाच, तीन, पाच. नातीने बोट लावून मोजले, मराठीतून, कारण माझ्याबरोबर असली की ती मराठीतून मोजते. मग बाईंनी मागचा पाय दाखवला. पोहणाऱ्या खेकड्यांचा शेवटचा पाय वल्ह्यासारखा रुंद चपटा असतो. याचा थोडासाच चपटा आणि टोकाला निमुळता. हा चालणारा, दगडाखाली घुसणारा प्राणी आहे. इंग्रजीत याला नुसतं 'किनाऱ्यावरचा खेकडा' म्हणतात. बाजारातला मोठा खेकडा म्हणजे वेगळीच जात.

त्या संध्याकाळी मी स्वान्सीच्या बाजारात मुद्दाम गेले. तिथे शिंपल्यांच्या मांसाचे ढीग असतात, समुद्रशेवाळ शिजवून केलेला तो काळा-हिरवा गोळा असतो आणि बर्फावर ते मोठे विटकरी खेकडे. आधी कितीतरी वेळा बघितले होते. या वेळी कवचाची कड बघितली आणि माझ्या तोंडून आपसूक "करंजी" असा शब्द निघाला. कडेभर एकसारखी मुरड, आई करंजीला हाताने घालायची तशी, चिमटीने दुमडून दुमडून. दात नाहीतच, मुरड आहे. आणि डेंग्यांची टोकं काळी, दौतीत बुडवल्यासारखी. इतकं ढळढळीत, आणि मी म्हटलं होतं याचंच पिल्लू! खडकांत तिसरी एक जात मिळते, लाल डोळ्यांची, अंगावर मखमलीसारखी लव असलेली, पायांवर निळ्या रेघा आणि मागचे पाय थेट वल्ह्यांसारखे. तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. करंजी, मखमल आणि करवत, असं नातीचं आणि माझं आता ठरलं आहे. आपला तो करवतवाला.

रात्री मालवणला ताईला फोन लावला. म्हटलं, उद्या बाजारातून कुर्ल्या आणशील तेव्हा खाडीतल्या कुर्लीचे दात मोज, डोळ्याच्या बाहेरचे. ती म्हणाली, "काय गो, थंय जाऊन कुर्लेचे दात मोजूक बसलंस?" पण मोजले. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. नऊ. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पुढचं बोलायच्या आधी ती थोडी थांबली. म्हणाली, "इतकी वर्सां साफ केलंय, कधी बघूक नाय." आम्ही दोघी बहिणी मिळून सव्वाशेच्या वर वर्षांच्या आहोत आणि कुर्लीला दात किती हे आम्हांला या वर्षी कळलं.

तेव्हापासून मी त्या करवतवाल्याच्या मागे लागले. वाचनालयातून पुस्तकं आणली, मुलाने काही वाचून दाखवलं. प्राण्यांना-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याला नाव दिलं त्यात 'मेनास' असा शब्द आहे. ग्रीकांच्या मद्याच्या देवामागे घुमत जाणाऱ्या, अंगात आलेल्या बायांना ते मेनास म्हणत. फ्रेंच लोक त्याला चवताळलेला खेकडा म्हणतात. हे नाव त्याला डिवचल्यावर पडलं असणार. पुरा वाढलेला नर कवचाच्या रुंदीने नऊ सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि दगड अचानक उचलला की तो मागे पळण्याऐवजी दोन्ही डेंगे फाकून उभा राहतो. जगायला त्याला फारसं काही लागत नाही. खडक चालतो, वाळू चालते, चिखल चालतो, बंदराची भिंत चालते. समुद्राच्या पाण्यात हजारी पस्तीस भाग मीठ असतं. चार भागांवर आलं तरी हा तग धरतो. म्हणून नदीच्या मुखातही तो आत आत शिरतो. स्वान्सीच्या उपसागराला टॉवे आणि नीथ या दोन नद्या मिळतात, त्यांच्या मचूळ चिखलातही मी त्याला पाहिलं आहे, नुसते डोळ्यांचे देठ वर काढून बसलेला. पाण्याबाहेर, ओल्या शेवाळाखाली, तो दिवसचे दिवस काढू शकतो. मात्र लागतो तो अंधार आणि ओल. दगड उलटा टाकून निघून गेलं की दोन्ही जातात. त्या बाईंनी दगड परत जसाच्या तसा ठेवायला नातीला तीनदा सांगितलं होतं, ते उगीच नव्हतं.

एक दिवस एक वेगळाच हाती आला, म्हणजे नातीच्या हाती. पोटाच्या झडपेखाली पिवळट गोळा. मी लगेच म्हटलं, गाभोळी आहे, मादी आहे, ठेव परत. घरी येऊन वाचलं तेव्हा पुन्हा खाली बसावं लागलं. गाभोळी दाणेदार असते, नारिंगी, एकेक अंडं दिसतं. एका मादीला पावणेदोन लाखांच्या वर अंडी असू शकतात. आम्ही पाहिलेला गोळा गुळगुळीत होता, मेणाच्या पुडीसारखा. ती सॅक्युलिना. खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकलच्या कुळातलीच, पण हिने खडक सोडून खेकडा धरला आहे. खेकड्याच्या अंगभर तिची मुळं पसरतात आणि अंड्यांच्या जागी तिची पिशवी बाहेर येते. खेकडा तिलाच आपली अंडी समजून निगुतीने सांभाळतो. नर असला तरी त्याची झडप रुंद व्हायला लागते आणि तोही सांभाळतो. हे वाचून मी नातीला काही सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते दोन दिवस नीट जेवू देत नव्हतं.

अमेरिकेतल्या लोकांना हा खेकडा नको आहे. १८१७ साली तो मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर नोंदला गेला, पुढे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. बोटींच्या तळाला, तोलासाठी भरलेल्या पाण्यात, मासळी बांधायच्या शेवाळात बसून तो गेला आणि जिथे गेला तिथे शिंपल्या फस्त करत सुटला. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. इथे मम्बल्सला त्याच दगडाखाली तो कुणाच्याही डोळ्यांत सलत नाही. कुरव पक्षी त्याला खातात, मासे खातात, तो शिंपल्या खातो, चाललंय. तो गेला तिथे तो वाईट आहे हे मला पटतं, तिथल्या शिंपल्यांचं नुकसान खरंच आहे. तरी त्याला स्वतःला बोटीत कुणी बसवलं हा प्रश्न मनातून जात नाही.

बोटी पाण्यात सोडायचा जो उतार आहे तिथे सुट्टीत पोरांची रांग लागते. दोरीला जाळीची पिशवी, पिशवीत बेकनचा तुकडा, शेजारी समुद्राच्या पाण्याची बादली. गळाचा आकडा वापरायचा नाही, एका बादलीत दहाच्या वर ठेवायचे नाहीत, पाणी बदलत राहायचं, तासाभरात सोडून द्यायचे, हे नियम मुलांना पाठ असतात आणि आयाबाया पाळायलाही लावतात. पकडून सोडायचं, खायचं नाही, हा खेळ मला पहिल्या दिवशी अजिबात समजला नव्हता. नंतर मी त्या बादलीशेजारी बसू लागले. आपल्याकडे बादलीतल्या खेकड्यांची गोष्ट दर भाषणात येते, एक वर चढला की दुसरा त्याला खाली ओढतो, आणि लगेच मराठी माणूस. मी अर्धा अर्धा तास नीट पाहिलं आहे. कोणी कुणाला ओढत नाही. प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीला पाय रुतत नाहीत, तेव्हा जे खरखरीत असेल ते धरलं जातं, आणि त्या बादलीत खरखरीत असतं ते फक्त दुसऱ्याचं कवच. तळाला एखादा दगड ठेवला तर सगळे मुकाट त्याच्या आडोशाला जातात. नातीने तसा ठेवला. आता शेजारची पोरंही ठेवतात.

भरतीचं गणित मात्र मला इथे पुन्हा शिकावं लागलं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, थोडं मागेपुढे. आई कालनिर्णयवरून नाही, चंद्रावरून सांगायची. मागीलदारी भांडी घासता घासता म्हणायची, "सुकती लागली असतली," म्हणजे ओहोटी, आणि आम्ही पोरं पळायचो. मम्बल्सला आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तसाच हिशोब करून समुद्रावर गेले तर सगळं उलटं. अमावास्येच्या भर दुपारी आमच्याकडे पाणी वर असतं, इथे समुद्र पार दूर गेलेला. भरती सकाळ-संध्याकाळ सातच्या सुमाराला. आणि पाणी तरी केवढं! आमच्याकडे उधाणाला दोनेक मीटर चढउतार, इथे आठ-नऊ मीटर, दोन मजली घर बुडेल एवढा. सकाळी जिथे होड्या डुलतात तिथे दुपारी त्या चिखलात कलंडून पडलेल्या. पंधरा दिवस वहीत मांडून शेवटी मला जमलं: पाऊणपट करायची आणि वर सात मिळवायचे, उन्हाळ्यात पुढे केलेल्या इथल्या घड्याळाप्रमाणे. पंचमीला पावणेअकरा. चंद्र तोच, तिथी तीच, नुसते सात मिळवायचे.

आणि याच स्वान्सीत, १९५८ साली, अर्नेस्ट नेलर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने याच जातीच्या खेकड्यांवर एक काम केलं होतं, ते मला मुलाने शोधून दिलं. किनाऱ्यावरून खेकडे आणून त्याने प्रयोगशाळेत ठेवले. तिथे ना भरती, ना ओहोटी, ना लाटांचा आवाज. तरी बाहेर समुद्राला भरती येण्याच्या वेळेला ते खेकडे उठून हिंडायला लागायचे आणि ओहोटीच्या वेळेला निपचित पडून राहायचे. दिवसांमागून दिवस. हळूहळू ती लय विरत जायची. पुढे १९६७ च्या एका कामात तर अंड्यापासून प्रयोगशाळेतच वाढवलेले खेकडे होते, ज्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. त्यांना काही तास चार अंशांच्या थंड पाण्यात ठेवलं आणि परत नेहमीच्या पाण्यात सोडलं, तर त्यांनाही साडेबारा तासांच्या आसपासची भरती-ओहोटीची लय लागली. हे वाचल्यावर मी चष्मा काढून बराच वेळ खिडकीशी बसले. बाहेर काळोख होता, समुद्र दिसत नव्हता. पंचांगात सप्तमी. सव्वापाच आणि सात, सव्वाबारा. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या वेळी खाली खडकांत, दगडांच्या आडोशाने ते सगळे हलायला लागले असणार.

दुखतं का, हा प्रश्न मात्र मी शेवटपर्यंत टाळत होते.

आमच्या स्वयंपाकघरात कुर्ल्या जिवंतच साफ व्हायच्या. आई एका हाताने पाठ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने एकेक डेंगा, एकेक पाय मुळातून मोडायची. तो आवाज, ओल्या काटकीसारखा, अजून कानात आहे. बारीक पाय पाट्यावर वाटून, पाण्यात कोळून, गाळून घ्यायचे. ते करडं पाणी रश्श्यात गेलं की जी चव यायची ती दुसऱ्या कशाने येत नाही. हे सगळं मी स्वतः चाळीस वर्षं केलं आहे. आईचा हात अतिशय चपळ होता, ती रेंगाळायची नाही, आणि तिला क्रूर म्हणणारं वाक्य माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. पण २०१३ साली बेलफास्टमध्ये रॉबर्ट एलवूड आणि बॅरी मॅगी यांनी याच करवतवाल्या खेकड्यांवर केलेलं काम मी वाचलं आहे. लख्ख उजेडात दोन अंधारे आडोसे. एकात गेलं की विजेचा झटका, दुसऱ्यात काही नाही. खेकड्याला अंधाराची किती ओढ असते ते मी सांगितलंच. तरी झटका बसलेल्यांनी दोन-तीन खेपांतच तो आडोसा सोडून दुसरा धरायला सुरुवात केली. नुसता पाय आखडून घेणं वेगळं आणि लक्षात ठेवून पुढच्या वेळी तिकडे न जाणं वेगळं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकड्यांना संवेदना असलेल्या प्राण्यांत धरलं आहे. डेंग्याबद्दल मी नातीला जे सांगितलं ते खरं निघालं: तो मुळाशी ठरलेल्या जागीच सुटतो, जखम आतून पडद्यासारखी मिटते, आणि पुढच्या कातींबरोबर नवा फुटतो. तो सोडतोही बहुतेक वेळा स्वतःच, जीव वाचवायला. म्हणजे माझ्या चिमटीत तो आला तेव्हा त्या खेकड्याने ठरवलं होतं की हिच्याकडून सुटायचं तर एवढं द्यावं लागेल.

नातीला मी हे एका रात्री सांगितलं, गोष्ट सांगून झाल्यावर, दिवा मालवायच्या आधी. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं, त्यांना कळतं. ती म्हणाली, "मला वाटलंच." आणि कुशीवर वळून झोपली. मालवणला गेल्यावर मी कुर्ल्या खाणार का? खाईन असं वाटतं. ताई करेल आणि मी खाईन. पण तो काटकीसारखा आवाज आता ऐकवेल का, आधी बर्फात ठेवून गारठवून मग करू या असं ताईला सांगितलं तर ती काय म्हणेल, हे मला आज सांगता येत नाही. व्हिसाचे सहा महिने संपत आले आहेत, लवकरच कळेल.

परवा अमावास्या होती. पाणी बेटांपर्यंत मागे गेलं होतं, दीपगृहाकडे लोक पायी चालले होते. सप्टेंबरचं ऊन, फुगे फुगे असलेल्या शेवाळावर पाय पडला की टपटप फुटतात, आणि तो खारट, आयोडीनचा, किंचित कुजका वास, जो आमच्या खडपातही असतो. आम्ही आमच्या त्याच डबक्यापाशी गेलो. नातीने दगड आपल्याकडे कलता केला. खाली दोन होते. एक लगेच शेवाळात शिरला. दुसरा तिथेच थांबला, पाठ नवी, चकचकीत हिरवी, नुकतीच कात टाकून टणक झालेली. उजवा डेंगा चांगला मोठा. डावा मात्र लहान, अगदीच लहान, फिकट, एखाद्या पिल्लाचा काढून याला लावावा तसा.

नात खाली बसली. हात लावला नाही. बोट हवेत धरून कडेने दात मोजले, पाच, मग तीन, मग पाच. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "आजी, हा तोच आहे?"

त्या दिवशी माझ्या हातात उजवा राहिला होता की डावा, हे मी आठवू लागले. तळहातावरचा तो डेंगा डोळ्यांसमोर आला, त्याची अर्धवट उघडी बोटं आली, पण बाजू काही केल्या आठवेना.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं.

तिने दोन्ही हातांनी दगड धरला, शेवाळाची बाजू वर राहील असा, आणि आधी एक कड, मग दुसरी, असा हळूहळू खाली टेकवला.